एका पातळीचं घर

प्रिय ताई,

पत्र हातात पडल्यावर तू घाबरणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: सगळे ठीक आहेत, कुणी पडलेलं नाही, कुणाला दवाखान्यात नेलेलं नाही. माझं अक्षर अजून होतं तसंच आहे, तेवढं सोसून घे. फोन सोडून कागद का धरला, तर घरातून बोललो की आईला दोन भिंतींपलीकडूनही ऐकू जातं, आणि बाहेरून बोललो की माझी जीभ सरळ खोटं बोलते. परवा साइटवरून फोन केला तेव्हा तू विचारलंस, आई घरभर फिरते ना आता? मी ‘अगदी मजेत’ म्हणालो आणि विषय दाजींच्या गुडघ्यावर नेला. ताई, आई फिरत नाही. तिचे डोळे गेल्याला छत्तीस वर्षं झाली. या छत्तीस वर्षांत ती आपल्या घरात कुणाचाही हात न धरता चालली, आणि गेले दोन महिने ती खुर्चीतून उठायच्या आधी ‘कोण आहे का?’ म्हणून हाक मारते. प्यायला पाणी हवं असलं तरी हाक मारते. हे का झालं ते तुला सांगायचं आहे, आणि सांगताना मधेच मला कुणी सावरून घेऊ नये, म्हणून कागद बरा.

बाबांचं मला नेहमी नवल वाटतं. माणूस घड्याळजी. त्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेलं घड्याळ महिनोन्महिने मिनिटानेही चुकायचं नाही, आणि घर बांधताना मात्र एका खोलीची जमीन दुसरीशी जुळेल तर शपथ. बाहेरची खोली आधी झाली. मधली तीन वर्षांनी, तेव्हा कुठूनशी जाड दगडी फरशी मिळाली होती, म्हणून ती दोन इंच वर. स्वयंपाकघरापर्यंत येता येता फरशी संपली, तिथे नुसता कोबा केला आणि ते मधलीपेक्षा चार बोटं खाली गेलं. आईच्या खोलीच्या दारात पाणी आत येऊ नये म्हणून दगडाचा उंबरा बसवला. मधल्या खोलीतून पाणी कुठलं यायला बसलंय, हे बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. असे आपल्या घरात तीन दारांना तीन उंबरे, एक चढायचा, एक उतरायचा आणि एक ओलांडायचा.

आता तू माझी बाजूही ऐक. गेली वीस वर्षं मी लोकांच्या घरात फरश्या बसवतोय. कंत्राटदार मला नावाने हाक मारत नाहीत, मिलिमीटर म्हणतात. मी बसवलेल्या जमिनीवर गोटी ठेवली तर ती हलत नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तू कधीही येऊन ठेवून बघ. आणि या मिलिमीटरच्या स्वतःच्या घरी पाहुणा आला की पहिल्या दाराला ठेच आणि दुसऱ्याला दचका. आमच्या कामावरचा प्लंबर, ज्याला आम्ही सगळे गळक्या म्हणतो, तो दर वेळी अडखळला की म्हणायचा, “मिस्त्री, तुमच्याकडे यायचं तर आधी नकाशा पाठवत जा.” सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो आणि आतल्या आत जळायचो. हे तुला कधी बोललो नाही, पण आपल्या घराची मला लाज वाटायची.

गेल्या वर्षी आईचे गुडघे धरले. मागच्या अंगणातल्या न्हाणीघरापर्यंत जाणं तिला जड व्हायला लागलं. रक्तदाब बघायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या की या वयाची माणसं रस्त्यात पडत नाहीत, घरातल्या उंबऱ्याला अडकून पडतात, आणि एकदा पडली की मग उठत नाहीत. मला तेवढं पुरलं. स्वयंपाकघराच्या मागची भिंत फोडायची, तिथे आईला नवी खोली, खोलीला लागून न्हाणीघर, आणि हे करताना आख्खं घर एका पातळीत आणायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, “आईला विचारलंस का?” मी म्हणालो, त्यात विचारायचं काय, तिच्यासाठीच तर करतोय. तू विषय बदललास. मला वाटलं, लांब राहणाऱ्या लेकीला आपण काही करत नाही याचं वाईट वाटलं असेल. अशी माझी अक्कल. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुझं काम तुला कळतं रे.” मी तो होकार धरला.

आई चोवीस दिवस मावशीकडे राहिली. ते चोवीस दिवस, ताई, खोटं कशाला सांगू, मी फार सुखात होतो. पुढचं दार हलवता येत नाही, बाहेरची पायरी तशीच ठेवावी लागते, म्हणून बाहेरच्या खोलीची जमीन हीच खरी पातळी धरली. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून ती पातळी दाराआडून पार मागच्या भिंतीपर्यंत नेली आणि प्रत्येक भिंतीवर निळ्या पेन्सिलीने खूण केली. मधल्या खोलीची सगळी फरशी उचकटून ती दोन इंच खाली घेतली. स्वयंपाकघर इंचभर वर उचललं. आईच्या दाराचा दगडी उंबरा छिन्नीने काढायला अख्खी सकाळ गेली, बाबांनी तेवढा एकच मात्र पक्का बसवला होता. न्हाणीघरातलं पाणी खोलीत येऊ नये म्हणून सगळे जण अर्धा इंच पायरी ठेवतात. मी तीही ठेवली नाही, जमिनीलाच चारी बाजूंनी असा ढाळ दिला की पाणी आपसूक जाळीकडे जातं आणि पायाला काही कळत नाही. दारं खालून तासली. उचकटलेली फरशी आणि तो उंबरा फेकून कशाला द्यायचा, म्हणून फोडून नव्या खोलीखाली भर घातली. शेवटच्या दिवशी बाहेरच्या दारात गुडघ्यावर बसून मी आरपार नजर टाकली, तर मागच्या भिंतीपर्यंत एक सलग जमीन. डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी बघायला हवं होतं असं वाटलं.

आई परत आली त्या दिवशी मी तिला मधल्या दाराशी खाली बसवलं आणि तिचा तळहात जिथे दोन खोल्या मिळतात तिथून फिरवला. तिने दोनदा फिरवला, मग नखाने चाचपलं. “सांधा कुठाय रे?” म्हणाली. सांधा सापडत नाही, हेच तर माझं काम! तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली की असं काम कुणाला जमायचं नाही. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा घरभर मिरवत होतो. संध्याकाळी बरोबरीचे सगळे जमीन बघायला आले. कोणी पाण्याचा पेला ठेवून बघितला, कोणी चप्पल काढून चालून बघितलं. तुझी भावजय चहा करून करून दमली.

चौथ्या दिवशी दुपारची गोष्ट. गळक्या नव्या नळाचा वायसर बदलायला आला होता आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पाणी पीत होता. मी ओट्याखाली डोकं घालून होतो. आई अंघोळीला निघाली होती. ती आत आली, ओट्याकडे पाठ करून उभी राहिली आणि अंगातल्या कपड्याची बटणं सोडायला लागली. आपण आपल्या नव्या खोलीत आलोय असं तिला वाटलं होतं. मी डोकं बाहेर काढेपर्यंत दोन बटणं सुटली, तिसरं सुटलं. गळक्या एरवी तोंडाचा सैल, पण बिचाऱ्याने मान खाली घातली आणि हातातला पेला इतक्या हळू ओट्यावर ठेवला की मला ऐकू आला नाही. आईला आला. तिचे हात जिथल्या तिथे थांबले. तिने एका हाताने पुढचा भाग आवळून धरला आणि दुसऱ्याने भिंत शोधायला लागली, आणि भिंत तिला वाटत होती त्या बाजूला नव्हती. मी धावत जाऊन तिला धरलं. गळक्या मागच्या दाराने निघून गेला तो आजपर्यंत घरात आला नाही, बाहेरूनच हाक मारतो.

त्यानंतर ती बसली ती बसलीच. मी काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुझा भाऊ किती शहाणा ते कळेल. आधी म्हणालो, नवं आहे, होईल सवय. मग म्हणालो, वय झालं. मग भिंतीला दोरी बांधून दिली, तर ती दोरीला हात लावेना. मग एक दिवस मी चिडलो. कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही, आणखी काय सोपं करून देऊ तुला, असं मोठ्याने बोललो. ती म्हणाली, “नाही रे, तू सगळं सोपंच केलंयस.” तुझी भावजय ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी जेवण टाकून कामावर गेलो.

मागच्या आठवड्यात दुपारी अवेळी घरी आलो. गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हाच आई पुढच्या दारात दिसली. बाहेरच्या पायरीवर उतरायची, पुन्हा चढून आत यायची. चढली की पाच पावलं आत जायची, अगदी जुनी आई, ताठ, हात खाली सोडलेले. सहाव्या पावलाला थांबायची. हात पुढे यायचे. मग भिंतीच्या आधाराने दारापर्यंत मागे, आणि पुन्हा पायरी. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. हातातला डबा मात्र गरम झाला होता उन्हाने.

मी पायरीवर बसलो आणि तिला विचारलं. तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना तीच ओशाळली होती, जसं काही इतकी वर्षं तिने मला फसवलं होतं. डोळे गेले त्या वर्षी तुझी उन्हाळ्याची सुटी होती. तू तेरा वर्षांची. रोज दुपारी तू तिच्या मागे उभी राहून तिचे दोन्ही खांदे धरायचीस आणि तिला दारादारातून चालवायचीस. तिला सांगायचीस, “चढलीस की मधली, उतरलीस की शेगडी, ओलांडलंस की पलंग.” प्रत्येक उंबऱ्याशी मोजणं संपवायचं आणि पलीकडे पुन्हा एकपासून सुरू करायचं. मधल्या खोलीत चढल्यावर सात पावलांवर टेबल. स्वयंपाकघरात उतरल्यावर तीन पावलांवर ओटा. एखादं पाऊल लांब पडलं, एखादं आखूड पडलं, तरी पुढचा उंबरा चूक पुसून टाकायचा. ताई, आम्हीसुद्धा असंच काम करतो. एका मापावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं घेत गेलं की चूक वाढत जाते, म्हणून दर वेळी मूळ खुणेपाशी परत यायचं असतं. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. आणि आईच्या तिन्ही खुणा मीच पुसल्या, त्याही इतक्या सफाईने की नखालासुद्धा सापडू नयेत.

तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आता आठवलं की मी एकदा त्या दगडी उंबऱ्यावर पाटी घेऊन बसलो होतो आणि तू येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. इथे बसायचं नाही, हा आईचा आहे, असं ओरडली होतीस. मी रडत बाबांकडे गेलो होतो. धपाटा लक्षात राहिला आणि कशासाठी पडला ते विसरलो. मी आईला विचारलं, काम काढलं तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, “तुला त्या उंबऱ्यांची किती लाज वाटायची ते मला ऐकू यायचं. आणि तू इतक्या हौसेने सांगत होतास. मला वाटलं, शिकेन नव्याने. मी किती म्हातारी झालेय ते माझ्याच लक्षात आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सुटी टाकली. आधी दारांत लाकडी पट्ट्या ठोकल्या. पण सपाट जमिनीवर पट्टी ठोकली की ती फक्त ओलांडायचीच होते, चढायची किंवा उतरायची होत नाही, आणि तीन पट्ट्या एकसारख्या. पहिल्याच दिवशी तिची नडगी सोलवटली. ती म्हणाली, काही नाही, खरचटलंय. मी पट्ट्या काढल्या. मग ठरवलं की सगळं फोडायचं आणि बाबांनी केलं होतं तसं वाकडंतिकडं परत करायचं. दोन इंच, चार बोटं असं मी तुला लिहिलंय खरं, पण मापं कुठेच लिहून ठेवलेली नाहीत. ती चार बोटं कुणाची, माझी की बाबांची? लोकांच्या घरातली भिंतीची फट मोजणारा मी, आपल्या घराची मापं कधी घेतलीच नाहीत, कारण ते सगळं मला चुकीचं वाटत होतं. तरी हातोडा घेऊन मधल्या दाराशी बसलो आणि पहिली फरशी फोडली. आवाज ऐकून आई हाक न मारता खुर्चीतून उठली. चालत माझ्यापर्यंत आली, माझ्या डोक्यावर आदळलीच जवळजवळ, आणि माझं मनगट धरलं. म्हणाली, “नको. तू सगळं परत तस्संच करशील, मला माहीत आहे. पण पायाला एकदा शंका आली ना, आता दर पावलाला तो मला विचारणार, हे खरं की नंतर केलेलं. राहू दे. चांगली जमीन आहे, खराब नको करूस.” ती फुटलेली फरशी मी बदलली. ती बदललेली ओळखू येत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. परवा आईने मला जवळ बसवून तुला निरोप द्यायला सांगितला. निरोप असा होता की तिला जरा हवापालट हवाय, नातवंडांची आठवण येते, महिनाभर तुझ्याकडे येईन म्हणते. मी तेवढाच कळवणार होतो. पण निरोप देऊन झाल्यावर ती खरं बोलली. ती म्हणाली, “लेकीच्या घरी मी विचारत विचारत चालले तर कुणाला काही वाटणार नाही, परकं घर आहे, मलाही वाटणार नाही. इथे माझ्याच घरात मला रस्ता विचारावा लागतो, ते नाही रे सोसवत.” ताई, ती महिनाभरासाठी येत नाहीये. कपडे बांधताना तिने हिवाळ्याचेही काढून ठेवायला सांगितले. रविवारच्या आत तू ये आणि तिला घेऊन जा. मी आणून सोडणार होतो, पण मला जमणार नाही. माझा हात धरून चालली की दर दारात ती थांबते आणि म्हणते, किती सुरेख काम केलंयस रे, कुठे काही कळतच नाही.

तुझाच,
धाकटा